बेदुईनांच्या मुलुखांत मराठे

पुण्याच्या पश्चिमेस मुळा नदी ओलांडून गेलें म्हणजे हिंजवडीच्या शेजारीं मारुंजी हें गांव लागतें. आज त्या बाजूला कचेऱ्यांच्या कांचेच्या इमारती आणि रुंद रस्ते झाले आहेत. तथापि गांवाची जमीन मुळशी तालुक्याची आहे, आणि ज्येष्ठ सरतांना सह्याद्रीवरून उतरणारा पाऊस तेथें अजूनहि पूर्वीप्रमाणेंच येतो. मुळशी-मावळच्या माणसाला उन्हाळ्याचे दोन महिने पाण्याची ओढ जाणवते. पण मृगाचा पाऊस पडेल, ओढा भरेल, खाचरांत भात उभा राहील, ह्याविषयीं त्याच्या मनांत संशय नसतो. ज्या देशांत वर्षाकाठीं चार-सहा इंच पाऊस पडला तरी लोक सुकाळ म्हणतात, त्या देशाची कल्पना अशा माणसाला सहजासहजीं यावयाची नाहीं.

असें असूनहि ह्याच सह्याद्रीच्या कुशींतील हजारों तरुणांना एके काळीं त्या देशाची ओळख करून घ्यावी लागली. १९१४ च्या ऑक्टोबर महिन्यांत मुंबईच्या बंदरांतून कांहीं आगबोटी निघाल्या. त्यांत सहाव्या डिव्हिजनचें पहिलें ब्रिगेड होतें. ह्या डिव्हिजनचें नांवच 'पुणें डिव्हिजन' असें होतें. तिच्या तिन्ही ब्रिगेडांत एकेक मराठा पलटण होती: सोळाव्या ब्रिगेडांत ११७ वी, सतराव्यांत १०३ वी आणि अठराव्यांत ११० वी. खडकीच्या सॅपर्स आणि मायनर्स ह्यांच्या तुकड्याहि त्यांच्याबरोबर होत्या. पलटणींतील शिपाई बहुतेक पुणें, सातारा, रत्नागिरी आणि कोल्हापूर ह्या भागांतील शेतकऱ्यांचे मुलगे होते. शिपायाचा पगार दरमहा अकरा रुपये असे, आणि कोरडवाहू शेतीच्या घराला त्या अकरा रुपयांचा मोठा आधार वाटे. आपण कोठें चाललों आहों हें त्यांतील बहुतेकांना ठाऊक नव्हतें. ६ नोव्हेंबर रोजीं ते इराणी आखाताच्या टोकाशीं फाव येथें उतरले. महिना संपण्यापूर्वीं बसरा शहर त्यांच्या हातीं आलें.

ह्या मोहिमेचें कारण दूरचें होतें. इराणच्या दक्षिणेस सांपडलेलें खनिज तेल नळांवाटे अबादान येथील कारखान्यांत येत असे, आणि इंग्रजी आरमार नुकतेंच कोळसा सोडून तेलाकडे वळूं लागलें होतें. तुर्की साम्राज्य जर्मनीच्या बाजूनें युद्धांत उतरतांच त्या तेलाचें रक्षण करणें आणि आखातांतील आपला दरारा राखणें इंग्रज सरकारास अगत्याचें वाटलें. मावळांतल्या शेतकऱ्याच्या मुलाचा ह्या दोन्ही गोष्टींशीं संबंध इतकाच कीं, त्या साधण्यासाठीं त्याला तिकडे पाठविण्यांत आलें.

जो देश त्याच्या दृष्टीस पडला तो विलक्षण होता. शत-अल-अरब नदीच्या दोन्ही तीरांवर खजुराच्या दाट बागा आहेत. भरतीच्या वेळीं नदीचें पाणी चरांतून ह्या बागांत शिरतें आणि ओहोटीला परत जातें. मोटेची वा रहाटाची जरूर पडत नाहीं. परंतु हा हिरवा पट्टा अरुंद आहे. शेवटचें खजुराचें झाड मागें पडलें कीं वाळवंट लागतें, आणि तें पश्चिमेस सीरियापर्यंत व दक्षिणेस नज्दच्या पठारापर्यंत पसरत जातें. त्याचा सर्वच भाग वाळूच्या टेंकड्यांचा नाहीं. कोठें बारीक खडी आहे, कोठें उन्हानें भेगाळलेली कठीण माती आहे, कोठें मिठाचा पांढरा थर आहे. खरा वाळूचा समुद्र नज्दच्याहि दक्षिणेस आहे. त्याला अरब लोक 'रुब-अल-खाली', म्हणजे रिकामा चतुर्थांश, असें म्हणतात. सलग वाळूचा एवढा मोठा प्रदेश जगांत दुसरा नाहीं. त्याचें क्षेत्रफळ सुमारें साडेसहा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे सबंध महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक भरतें.

ह्या रिकाम्या प्रदेशांतून पार जाणारा पहिला युरोपियन प्रवासी बर्ट्रम टॉमस हा होय. १९३०-३१ च्या हिवाळ्यांत तो दोफारच्या किनाऱ्यावरून निघून दोहा येथें पोंचला. पुढच्याच वर्षीं, १९३२ सालीं, फिल्बी ह्यानें दुसऱ्या बाजूनें तो प्रदेश पाहिला. हे दोघेहि गृहस्थ महायुद्धाच्या काळांत मेसोपोटेमियांतच नोकरीस होते, आणि फिल्बी तर मूळचा हिंदी सिव्हिल सर्व्हिसमधला. १९४६ ते १९४८ ह्या काळांत विल्फ्रेड थेसिजर ह्यानें दोनदां हा प्रवास केला. त्याच्याकडे काम होतें टोळांचीं उत्पत्तिस्थानें शोधण्याचें. हें काम आपल्याला वाटतें तितकें परकें नाहीं. वाळवंटांत वाढलेली टोळधाड वाऱ्याबरोबर समुद्रापलीकडे जाते, आणि २०२० सालीं अशीच एक धाड राजस्थानावरून थेट विदर्भांतील संत्र्यांच्या बागांपर्यंत येऊन ठेपली होती. ह्या तिन्ही प्रवाशांची कीर्ति मोठी आहे. परंतु बेदुईन वाटाड्यांवांचून त्यांतील एकालाहि चार दिवसांची मजल मारतां आली नसती.

हे बेदुईन कोण? अरबींत 'बादिया' म्हणजे ओसाड रान. त्यांत राहणारा तो बदवी किंवा बदू. मेसोपोटेमियाच्या सीमेवर शम्मर, अनाझा, धफीर अशा त्यांच्या टोळ्या फिरत असत. युफ्रेटिसच्या कांठीं मुंतफिक हा टोळ्यांचा मोठा संघ होता. त्यांतले कांहीं लोक भातशेती करीत, कांहीं म्हशी पाळीत, आणि कांहीं उंट-मेंढ्या घेऊन वाळवंटांत जात. सादून हें त्यांचें सरदार घराणें. नासिरिया हें शहर त्याच घराण्यांतील नासिर पाशाच्या नांवानें वसलेलें आहे.

बेदुईन मनास येईल तिकडे भटकतो असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. त्याची भटकंती पंचांगाइतकी नेमकी असते. हिवाळ्यांत पाऊस पडून झुडुपें हिरवीं झालीं कीं उंटाला कित्येक आठवडे पाणी न पाजलें तरी चालतें, कारण ओल्या चाऱ्यांतूनच त्याची गरज भागते. आणि माणसाला सांडणीच्या दुधावर दिवस काढतां येतात. म्हणून हिवाळ्यांत टोळी दूरवर पांगते. उन्हाळा आला, चारा वाळला, म्हणजे उंटाला दर कांहीं दिवसांनीं पाणी लागतें. तेव्हां तीच टोळी आपापल्या विहिरींपाशीं गोळा होते. कोणती विहीर कोणत्या टोळीची हें ठरलेलें असतें, आणि अनेक पिढ्यांचीं वैरें ह्या विहिरींवरूनच चालत आलेलीं असतात. उन्हाळ्याच्या अखेरीस खजूर पिकतो. त्या सुमारास टोळ्या नदीकांठच्या गांवांकडे येतात, लोंकर, तूप आणि जनावरें विकतात, आणि खजूर, तांदूळ, कापड व कॉफी घेऊन परत जातात. ह्या तांदुळांत व कापडांत मुंबईहून गेलेला माल पुष्कळ असे. तसेंच बसऱ्याकडचे खजूर आणि अरबी घोडे मुंबईस येत. अरबाच्या कॉफींत पडणारी वेलचीहि हिंदुस्थानांतलीच.

महाराष्ट्रांतल्या माणसाला हें जीवन समजण्यास फार कष्ट पडूं नयेत. माणदेशाकडचा धनगर दिवाळी झाली कीं मेंढरें घेऊन घाट उतरतो, कोंकणांत चार-सहा महिने राहतो, आणि पाऊस लागण्यापूर्वीं देशावर परत येतो. शेतकरी त्याचीं मेंढरें आपल्या शेतांत बसवून घेतो व खताच्या मोबदल्यांत धान्य देतो. धनगराला घोंगडी, तसा बेदुईनाला काळ्या बकऱ्यांच्या केसांचा तंबू. ह्या तंबूचें कापड बायका विणतात, आणि तंबू उभारणें व मोडणें हेंहि त्यांचेंच काम असतें. पाऊस पडला कीं त्या कापडाचे धागे फुगून छिद्रें बुजतात व पाणी आंत येत नाहीं. घोंगडीची खोळ करून पावसांत उभ्या राहणाऱ्या आपल्या मेंढपाळाला हा गुण सांगावयास नको.

वाळवंटांतील कायदाहि पाण्याच्या टंचाईंतूनच निर्माण झाला आहे. तंबूच्या दारीं आलेला माणूस शत्रु असला तरी त्याला तीन दिवस अन्नपाणी द्यावयाचें, हा नियम सर्व टोळ्या पाळतात. ज्या प्रदेशांत एका तंबूनें दार लावून घेतलें तर दुसरा तंबू गांठेपर्यंत माणूस मरून जाईल, त्या प्रदेशांत आतिथ्य ही ऐषारामाची बाब नसते. आज दारांत आलेला माणूस जात्या आपणच असूं शकतों, हें यजमान जाणून असतो. आश्रय मागणाऱ्याला 'दखील' म्हणतात, आणि दखीलाचा घात होणें हा सबंध टोळीला कलंक समजला जातो. त्याचप्रमाणें परक्या टोळीच्या मुलुखांतून जावयाचें तर त्या टोळीचा एक 'रफीक', म्हणजे सोबती, बरोबर घ्यावा लागतो. रफीक बरोबर असला कीं त्याच्या टोळीचा कोणीहि प्रवाशाच्या केसाला धक्का लावीत नाहीं.

ह्या चित्राची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. बेदुईन छापे घालीत. ह्या छाप्याला 'घझू' असें नांव होतें. दुसऱ्या टोळीचे उंट पळविणें हा पराक्रम मानला जाई. मात्र त्यांत रक्तपात शक्य तों टाळीत, कारण एका खुनांतून पिढ्यान्‌पिढ्यांचें सूडसत्र सुरू होई. शिवाय वाळवंटाच्या कडेचीं गांवें आणि तांडे ह्यांच्याकडून ते 'खुव्वा' वसूल करीत. खुव्वा म्हणजे शब्दशः भाऊबंदकी. जो खुव्वा देईल त्याला टोळीनें स्वतः लुटावयाचें नाहीं, आणि दुसऱ्यालाहि लुटूं द्यावयाचें नाहीं. आपल्या इतिहासाचा वाचक येथें क्षणभर थांबेल. चौथाईचा व्यवहार ह्याहून फारसा वेगळा नव्हता. मोंगल बखरनवीस आणि पुढें इंग्रज ग्रंथकार मराठ्यांना सर्रास लुटारू म्हणत, आणि त्या शब्दाचा आपल्या इतिहाससंशोधकांनीं पुराव्यानिशीं प्रतिवाद केला. तोच न्याय दुसऱ्याला लावण्याची वेळ आली असतां तो विसरून चालणार नाहीं.

मराठा शिपायाची आणि बेदुईनाची खरी गांठ पडली ती १९१५ च्या एप्रिल महिन्यांत, शैबा येथें. हें ठिकाण बसऱ्याच्या नैर्ऋत्येस सुमारें दहा मैलांवर, वाळवंटाच्या ऐन काठावर आहे. त्या दिवसांत युफ्रेटिसला पूर आल्यामुळें बसरा आणि शैबा ह्यांच्या मधल्या सखल भागांत मैलोगणती पाणी पसरलें होतें. मागें पूर आणि पुढें वाळवंट अशा जागीं हिंदी सैन्याची छावणी होती. मदतीस येणाऱ्या लोकांना 'बेलम' नांवाच्या लांबट होड्यांत बसून, त्या बांबूनें रेटीत, तर कांहींना पाण्यांतून चालत यावें लागलें. जनरल मेलिस हा सेनापतीहि असाच होडीनें आला.

तुर्कांचा सेनापति सुलेमान अस्करी बे हा होता. त्याच्याजवळ सुमारें चार हजार नियमित सैन्य असून त्याच्या दुपटीहून अधिक अरब व कुर्द टोळीवाले त्याच्या बाजूनें जमले होते. धर्मयुद्धाच्या हांकेला ओ देऊन हे लोक आपल्यासाठीं जीव देतील असा त्याचा भरंवसा होता. १२ एप्रिल रोजीं हल्ला सुरू झाला. १४ तारखेला हिंदी सैन्य छावणीबाहेर पडून बर्जिसिया नांवाच्या झाडीपर्यंत गेलें. त्या झाडींत तुर्कांनीं खंदक खणले होते. दुपारच्या उन्हांत जमिनीलगतची हवा तापली म्हणजे प्रकाशाचे किरण वांकतात आणि नसलेलें पाणी दिसूं लागतें. ह्या मृगजळामुळें तोफखान्याच्या लोकांना अंतरांचा अंदाज येईना, आणि खंदक कोठें आहेत हें जवळ जाईपर्यंत कळेना. जवळचें पाणी संपत आलें होतें. माघार घ्यावी कीं काय असा विचार चालू असतांना एक शेवटचा हल्ला करण्याचें ठरलें, आणि डॉर्सेट पलटणीच्या बरोबरीनें ११७ वी मराठा व इतर हिंदी पलटणी संगिनी लावून पुढें गेल्या. तुर्कांचा मोड झाला. हिंदी-इंग्रजी बाजूचे हजाराहून अधिक लोक त्या एका लढाईंत मारले गेले वा जखमी झाले.

ह्या लढाईंत बहुसंख्य टोळीवाल्यांनीं काय केलें? ते क्षितिजावर घोडे उभे करून पाहात राहिले. आणि तुर्कांनीं पाठ फिरवितांच त्या माघार घेणाऱ्या सैन्यावरच तुटून पडले. सुलेमान अस्करी हा आधींच्या एका चकमकींत जखमी झाला होता व डोलींतून लढाई चालवीत होता. अरबांनीं आपला विश्वासघात केला असें म्हणून त्यानें स्वतःवर गोळी झाडून घेतली. पुढें इंग्रज जेव्हां अडचणींत आले, तेव्हां त्यांनाहि हाच अनुभव आला. तेव्हांपासून दोन्ही बाजूंच्या लेखकांनीं बेदुईनाला कृतघ्न आणि लुटारू ठरवून टाकलें आहे.

परंतु ह्या निकालांत एक गोष्ट नजरेआड होते. विश्वासघात होण्यापूर्वीं विश्वासाचें नातें असावें लागतें. इस्तंबूलचें सरकार बेदुईनाकडे येई तें करवसुलीसाठीं किंवा भरतीसाठीं. १८६९ ते १८७२ ह्या काळांत बगदादचा सुभेदार असलेल्या मिधत पाशानें जमिनींच्या नोंदी करून टोळ्यांना एका जागीं बसविण्याचा प्रयत्न केला. त्याचें फळ असें झालें कीं, पुष्कळ जमिनी सरदारांच्या नांवावर चढल्या आणि टोळींतील साधा माणूस आपल्याच रानांत कूळ बनला. अशा माणसाला दोन साम्राज्यांच्या भांडणांत कोणाचीहि बाजू घेण्याचें प्रयोजन नव्हतें. दोघेहि त्याच्या विहिरींवर न विचारतां आलेले पाहुणे होते, आणि दोघांपैकीं एकानेंहि रफीक घेतलेला नव्हता. युद्धक्षेत्रावर पडलेली बंदूक त्याच्या मुलाच्या लग्नाचा खर्च भागवीत असे. ती त्यानें उचलली म्हणून त्याला क्रूर म्हणतां येईल, आणि जखमी माणसाच्या अंगावरचे कपडे ओरबाडले गेले तेव्हां तो क्रूर होताहि. पण त्यानें कोणाचें इमान विकलें असें म्हणतां येत नाहीं.

शैबानंतर पुणें डिव्हिजन नदीच्या कांठानें वर सरकत गेली. जनरल टाउनशेंड हा तिचा सेनापति होता. नोव्हेंबर १९१५ मध्यें बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथें, जुन्या इराणी बादशहांच्या प्रचंड कमानीजवळ, मोठी लढाई झाली. तींत तिन्ही मराठा पलटणी होत्या. साडेचार हजारांहून अधिक लोक गमावून सैन्य मागें फिरलें आणि डिसेंबरच्या आरंभीं कुट-अल-अमारा ह्या गांवांत कोंडलें गेलें. वेढा १४७ दिवस चालला. गांवांत सुमारें सहा हजार अरब रहिवासीहि होते. शिधा निम्मा झाला, मग चतकोर झाला. घोडीं व खेचरें मारून त्यांचें मांस वाटण्यांत येऊं लागलें. हिंदी शिपायांनीं धर्माच्या व जातीच्या भीतीनें तें बरेच दिवस नाकारलें, आणि भाजीपाल्यावांचून त्यांच्यांत स्कर्व्हीचा रोग पसरला. मांस खाण्यास हरकत नाहीं अशीं धर्मगुरूंचीं संमतिपत्रें मागवूनहि पुष्कळांचा संकोच जाईना, कारण गांवीं परतल्यावर भाऊबंद काय म्हणतील ही धास्ती तोफेच्या गोळ्याहून मोठी होती. विमानांतून पिठाचीं पोतीं टाकण्याचा प्रयोग झाला. युद्धाच्या इतिहासांतील असा हा अगदीं आरंभींचा प्रयत्न होय. वेढा उठविण्यासाठीं खालून आलेल्या सैन्याचे तेवीस हजारांच्या सुमारास लोक मारले गेले वा जखमी झाले. शेवटीं तुर्की सेनापति खलील पाशा ह्याला प्रथम दहा लाख व मग वीस लाख पौंड देऊं करण्यांत आले. ह्या कामावर गेलेल्यांत पुढें बेदुईनांचा मित्र म्हणून जगप्रसिद्ध झालेला टी. ई. लॉरेन्स हाहि होता. खलीलनें नकार दिला. २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें तेरा हजार माणसांनीं शस्त्रें खालीं ठेविलीं.

आतां सुरू झाली ती वाळवंटाची खरी यात्रा. अर्धपोटीं, रोगानें खंगलेल्या ह्या लोकांना बगदादला, तेथून आगगाडीनें सामर्ऱ्यापर्यंत, आणि पुढें पायीं तिक्रित, मोसल, निसीबीन ह्या वाटेनें रास-अल-ऐन येथें नेण्यांत आलें. सामर्ऱ्यापासूनचा हा पायींचा प्रवासच साडेतीनशे मैलांहून अधिक भरतो, आणि तो मे-जून महिन्यांच्या उन्हांत झाला. रास-अल-ऐन ह्याचा अर्थ 'झऱ्याचें मुख'. ज्यांनीं तें मुख पाहिलें त्यांना तेथें बगदाद रेल्वेच्या बांधकामावर जुंपण्यांत आलें. वाटेंत मागें पडलेल्या माणसाला लुटणारे लोक होतेच. परंतु वंगीय रुग्णसेवा पथकांतील शिशिरप्रसाद सर्वाधिकारी हे ह्याच कैद्यांत होते, आणि त्यांनीं सुमारें चाळीस वर्षांनंतर प्रसिद्ध केलेल्या बंगाली पुस्तकांत साध्या तुर्क, अरब व आर्मेनियन माणसांकडून लाभलेल्या माणुसकीच्याहि आठवणी आहेत. ह्याच वाळवंटांत त्या काळीं हद्दपार झालेल्या आर्मेनियन लोकांचे तांडे मरत होते. त्यांतील कित्येक मुलें बेदुईनांच्या तंबूंत वाढलीं म्हणून वांचलीं. त्यांतील कांहींना चाकर म्हणून ठेवण्यांत आलें, कांहींना लेकरूं म्हणून; इतिहासाला दोन्ही गोष्टी नमूद कराव्या लागतात.

कुट येथें पकडलेल्या हिंदी शिपाई व नोकरांची संख्या नऊ हजारांच्या वर होती. त्यांतील सुमारें तीन हजार पुन्हा दिसले नाहींत. इंग्रज शिपायांत मृत्यूचें प्रमाण ह्याहूनहि भयंकर होतें. मोहिमेच्या व्यवस्थेंत झालेल्या अक्षम्य हयगयीची चौकशी होऊन १९१७ सालीं अहवाल प्रसिद्ध झाला, आणि हिंदुस्थानचे मंत्री ऑस्टिन चेंबरलेन ह्यांनीं राजीनामा दिला. हिंदुस्थान सरकारनें पुरेशीं औषधें, होड्या आणि डॉक्टर न देतां सैन्य पुढें ढकललें, हें त्या अहवालानें उघड केलें. मराठा पलटणी पुन्हा उभारण्यांत आल्या. ऑक्टोबर १९१८ मध्यें शरकत येथील लढाईंत ११४ व्या मराठा पलटणीनें मोठा पराक्रम केला. १९२२ सालीं ह्या सर्व पलटणी एका रेजिमेंटमध्यें एकत्र झाल्या. तिचें केंद्र बेळगांव येथें आहे.

त्याच १९२२ सालीं वाळवंटांतहि एक मोठी घटना घडली. उकैर येथें इराक, कुवेत आणि नज्द ह्यांच्या सीमा ठरविण्यांत आल्या. बेदुईनाला सीमा म्हणजे काय तें समजेना, कारण त्याच्या विहिरी रेषेच्या दोन्ही बाजूंस होत्या. म्हणून इराक व नज्द ह्यांच्यामध्यें एक तटस्थ पट्टी राखून ठेवावी लागली. पुढें तीहि वाटून घेण्यांत आली. मग मोटारी आल्या, तेलाच्या विहिरी आल्या, शाळा आल्या. उंटाची वाहतूक संपली. विमानें व चिलखती गाड्या आल्यावर छापे बंद झाले. आज अरबस्तानांत केवळ उंटांवर उपजीविका करणारीं कुटुंबें थोडीं राहिलीं आहेत. बहुतेक बेदुईनांचे नातू शहरांत राहतात, आणि टोळीचें नांव आडनांवाप्रमाणें जपतात. ह्यांत त्यांचा लाभहि झाला आहे. तहानेनें व देवीनें मरणारीं मुलें आतां जगतात. परंतु पाण्यावरून माणसाची पारख करणारी ती विद्या आतां म्हाताऱ्यांपाशींच उरली आहे.

पुणें, सातारा, रत्नागिरी ह्या जिल्ह्यांतील कित्येक गांवांच्या चावडीवर वा देवळाच्या भिंतींत एक लहानसा दगड बसविलेला आढळतो. ह्या गांवांतून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धांत इतकीं माणसें गेलीं आणि त्यांपैकीं इतकीं कामास आलीं, एवढेंच त्यावर कोरलेलें असतें. आंकडा असतो, नांव नसतें. बसऱ्यास ह्या मोहिमेंत मृत झालेल्या व ज्यांच्या कबरीचा पत्ता नाहीं अशा चाळीस हजारांहून अधिक लोकांचें स्मारक १९२९ सालीं उभारण्यांत आलें. त्याच्या शिळांवर इंग्रज शिपायांचीं नांवें आहेत, हिंदी अंमलदारांचीं आहेत. पण साध्या हिंदी शिपायांच्या बाबतींत पलटणीच्या नांवाखालीं मृतांची संख्या तेवढी दिलेली आहे. ह्या भेदभावाची कबुली देऊन युद्धस्मारकांच्या मंडळानें २०२१ सालीं जाहीर माफी मागितली. म्हणजे माणूस ज्या गांवाहून निघाला तेथेंहि आंकडा झाला, आणि जेथें पडला तेथेंहि आंकडाच झाला.

हें स्मारक पूर्वीं शत-अल-अरबच्या तीरावर होतें. १९९७ सालीं तें तेथून हलवून नासिरियाच्या वाटेवर, शहरापासून वीस मैलांवर, उघड्या वाळवंटांत नेण्यांत आलें. त्या शिळा आतां बेदुईनांच्या जुन्या मुलुखांत उभ्या आहेत. बेदुईन आपल्या मेलेल्या माणसाच्या कबरीवर बहुधा नांव लिहीत नाहीं. वाळूंत दोन दगड उभे करतो, आणि नांव टोळीच्या तोंडीं ठेवतो. त्याची वंशावळ पाठ असते, म्हणून त्याचें नांव बुडत नाहीं. आपल्या गांवोगांवच्या दगडांवरील आंकड्यांमागचीं नांवें कांहीं घरांतून अजून आठवणींत आहेत, कांहीं पलटणींच्या जुन्या दप्तरांत आहेत. मारुंजीसारख्या गांवांच्या भोंवतालचा मुलूख झपाट्यानें पालटत आहे, जुने वाडे पाडले जात आहेत, आणि वाड्यांबरोबर पेट्यांतील जुने कागद व बिल्लेहि रद्दींत जात आहेत. तीं नांवें लिहून ठेवण्याचें काम ज्यांच्या घरीं तीं आहेत त्यांनींच केलें पाहिजे, आणि तें लवकर केलें पाहिजे.